आपली भुतं मराठीत बोलू द्या

मराठी मुलखातली भीती दाखवणारा अलीकडचा सगळ्यात गाजलेला चित्रपट कोणता, असं कुणालाही विचारा, उत्तर ‘तुंबाड’ असंच येईल. कोकणातलं गाव, पडका वाडा, संततधार पाऊस, साखळदंडात जखडलेली म्हातारी. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलेलं, कल्पनेचं बीज नारायण धारपांच्या कथेतलं, दिग्दर्शक राही अनिल बर्वे. २०१८ साली तो लागला तेव्हा थेटरात फारसं कुणी फिरकलं नाही. २०२४च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा लावला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. मला तो फार आवडतो. कणकेच्या बाहुल्या घेऊन बाप आणि मुलगा विहिरीत उतरतात, तो शेवटचा भाग मी कितीही वेळा पाहू शकते. पण तुंबाडमध्ये वाढलेला आणि पुण्यात संसार मांडलेला विनायकराव घरात, बायकोशी, पोराशी हिंदीत बोलतो, तिथे माझं मन दर वेळी अडतं. सगळं आपलं आहे आणि बोली तेवढी परकी.

हे आजचं नाही. राजा परांजपे यांनी १९६४ साली ‘पाठलाग’ केला. वकिलाची बायको वारलेली, आणि हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक गुन्हेगार बाई भर कोर्टात सांगते की मीच तुमची बायको. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. दोनच वर्षांत त्याचा हिंदीत ‘मेरा साया’ झाला आणि आज साधनाचा ‘मेरा साया’ सगळ्यांना ठाऊक आहे, ‘पाठलाग’ मात्र आमच्या पिढीतल्या किती जणांनी पाहिला असेल कोण जाणे. ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ हे गाणं तेवढं उरलं. १९७६च्या ‘हा खेळ सावल्यांचा’चंही तेच. ‘गोमू संगतीनं’वर नाचायला सगळे तयार असतात, पण ते गाणं एका चांगल्या मानसिक रहस्यपटातलं आहे हे लग्नाच्या वरातीत कुणाच्या डोक्यात येत नाही. मग ‘लपाछपी’ची हिंदीत ‘छोरी’ झाली. कोकणातला ‘मुंज्या’ २०२४ साली मोठा हिट झाला, तोही हिंदीतच, आणि त्याचे दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठीच.

म्हणजे भीती आपली, माणसं आपली, जागा आपल्या आणि बोलणं दुसऱ्याचं. मला हे खटकतं. भाषेचा अभिमान म्हणून खटकतंच, त्याहून जास्त प्रेक्षक म्हणून खटकतं. कारण भीती घरातली असते, आणि घरातली गोष्ट घरच्या बोलीत ऐकली तरच ती अंगावर येते.

मी चित्रपटांची अभ्यासक नाही. मिरजेत एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. नाइट संपवून आले की झोप लागेपर्यंत, आणि ऑफच्या दिवशी रात्री सासूबाईंबरोबर, असं माझं पाहणं चालतं. आमच्या आई लग्न होऊन मिरजेत आल्या तेव्हापासून खरे मंदिर वाचनालयातून धारप आणि मतकरी यांच्या भयकथा आणून वाचत आल्यात. भुतांवर त्यांचा विश्वास नाही, भुताच्या गोष्टीवर पूर्ण आहे. मतकरींची ‘खेकडा’ ही कथा त्यांनी मला पहिल्यांदा तोंडी सांगितली, दुपारी, लसूण सोलता सोलता, आणि रात्री मी पुस्तकातून वाचली तेव्हाही ती दुपारइतकीच लागली. त्यांच्यामुळे मला एक सवय लागली. चित्रपट कितीही भीतिदायक असो, मी त्यातून भूत वजा करून बघते. भूत काढून टाकल्यावर जे उरतं ते घाबरवणारं असेल तर तो चित्रपट खरा. ‘तुंबाड’मधून हस्तर हा राक्षस काढला तरी बापाची हाव पोराच्या रक्तात उतरते, ते उरतंच.

आणि ‘लपाछपी’तून भूत काढलं तर काय उरतं, ते मला मिरजेत बसून फारच नीट कळतं.

विशाल फुरिया यांचा हा चित्रपट २०१७च्या जुलैमध्ये थेटरात आला. कर्जात बुडालेला नवरा, आठव्या महिन्यातली बायको, वसुलीवाल्यांपासून लपायला शहर सोडून आलेलं हे जोडपं, आणि उसाच्या फडात मधोमध असलेलं एक घर. पूजा सावंतची नेहा आणि उषा नाईक यांची तुळसाबाई. घराभोवती मुलं खेळताना दिसतात, आणि ती मुलं कोण हा प्रश्न. पुढचं सांगत नाही, कारण ज्यांनी पाहिला नाही त्यांनी तो पाहावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पण उसाबद्दल बोलायला हवं. वाढलेल्या उसात दोन सरींपलीकडचं माणूस दिसत नाही. वारा सुटला की पाचट वाजतं आणि कुणीतरी चालत येतंय असं वाटतं. वाट सरळ दिसते, पण आत शिरल्यावर दिशा कळत नाही. शिराळा, वाळवा भागातल्या बायका आता उसात बिबट्या असेल म्हणून धास्तावतात, पण उसाची भीती बिबट्याच्या आधीपासूनची आहे. परदेशी चित्रपटांत मक्याची शेतं दाखवतात, ती मला चित्रातली वाटतात. ऊस मला माहीत आहे. त्यामुळे नेहा भर उजेडात त्या सऱ्यांमध्ये वाट चुकते, तेव्हा अंधाराची, मोठ्या आवाजाची कसलीच गरज लागत नाही.

आणि तुळसाबाई. उषा नाईक यांनी तिला चेटकीण केली नाही, हे त्यांचं मोठं काम. ती पोटुशा बाईची काळजी घेते, खाऊ घालते, जपायला सांगते. तिच्या बोलण्यातला हेल आमच्याकडच्या कुठल्याही मावशीचा आहे. बाळंतपणाला आलेल्या मुलीशी आमच्या भागातल्या बायका जशा बोलतात, अर्धं मायेनं आणि अर्धं हुकमानं, तसंच ती बोलते. त्या मायेत नेमकं कुठे काय बदललं, हे शोधत तुम्ही बसता, आणि तेवढ्यात उशीर झालेला असतो.

तो चित्रपट यायच्या चारच महिने आधी, २०१७च्या मार्चमध्ये, आमच्या मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये पुरून टाकलेले १९ भ्रूण सापडले होते. बेकायदा गर्भपातात एका बाईचा जीव गेला आणि तिथून सगळं उघडकीला आलं. चित्रपट त्याआधीच तयार झालेला होता, त्याचा म्हैसाळशी काही संबंध नाही. पण आम्ही सांगलीला जाऊन तो पाहिला तेव्हा आमच्या ओळीत बसलेल्या बायका मध्यंतरात एकमेकींशी चित्रपटाविषयी बोलत नव्हत्या, म्हैसाळविषयी बोलत होत्या. ज्या कामात मी आयुष्य काढते आहे, त्याच क्षेत्रातल्या यंत्रांचा आणि माणसांचा वापर करून हे झालं होतं. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी मी रोज पाहते. ‘लपाछपी’नंतर बरेच दिवस ती पाटी मी थांबून वाचत असे.

मग २०२१ साली त्याच दिग्दर्शकानं ‘छोरी’ केला. तुळसाबाईच्या जागी मीता वशिष्ठ आहेत, उत्तरेकडच्या बोलीत बोलतात, आणि त्या उत्तम अभिनेत्री आहेत. चित्रीकरण जास्त देखणं आहे, पैसा दिसतो. दिग्दर्शकाबद्दल माझी तक्रार नाही; मराठीत केलेलं काम देशभर पोचावं असं कुणाला वाटणार नाही? पण मला ‘छोरी’ पाहताना भीती वाटली ती चित्रपटाची. ‘लपाछपी’ पाहताना वाटली ती माझ्या तालुक्याची. या दोन भीतींमध्ये फार अंतर आहे. आणि आज ‘छोरी’ पाहिलेल्या मराठी मुलींना विचारलं तर त्यांना ‘लपाछपी’ माहीतच नसतो. माझ्या लॅबमधल्या नव्या मुलींना नव्हता.

घरची बोली न सोडता जगभर जाता येतं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे ‘अंडर द शॅडो’. बाबक अन्वरी हा इराणात जन्मलेला, ब्रिटनमध्ये काम करणारा दिग्दर्शक. २०१६चा त्याचा हा पहिला मोठा चित्रपट. गोष्ट इराण-इराक युद्धातल्या तेहरानची. शिदेह नावाच्या बाईला क्रांतीच्या काळातल्या राजकारणामुळे वैद्यकीय शिक्षण पुरं करू दिलं जात नाही. डॉक्टर नवऱ्याची नेमणूक युद्धाच्या भागात होते. ती आणि छोटी मुलगी इमारतीत मागे राहतात. वरच्या मजल्यावर क्षेपणास्त्र येऊन पडतं, फुटत नाही, पण छताला तडा जातो. शेजारीण म्हणते, वाऱ्याबरोबर जिन आलेत. इमारतीतली एकेक बिऱ्हाडं गाव सोडून जातात. एका रात्री शिदेह घाबरून पोरीला उचलते आणि रस्त्यावर धावत सुटते, तर तिला पकडतात, कारण तिच्या डोक्यावर काही नसतं. आत जिन आणि बाहेर पहारेकरी; त्या बाईला जायला जागाच नाही. हा चित्रपट इंग्रजीत केला असता तर विकायला सोपा गेला असता. चित्रीकरण तर इराणात करणं शक्यच नव्हतं, ते जॉर्डनमध्ये झालं. तरीही त्यानं माणसांना फारसीत बोलू दिलं, आणि ब्रिटननं तोच चित्रपट ऑस्करला परभाषा विभागात पाठवला. आमच्या मराठी निर्मात्यांनी यावर बसून विचार करावा.

इतकं लांबही जायला नको. केरळकडे बघा. राहुल सदाशिवन यांचा ‘भूतकालम’ २०२२ साली आला आणि मला वाटतं गेल्या दहा वर्षांतला तो सगळ्यात चांगला भारतीय भयपट आहे. भाड्याचं घर, आई, तरणा मुलगा आणि अंथरुणाला खिळलेली आजी. आजी सुरुवातीलाच जाते. मुलगा फार्मसी शिकलेला, नोकरी नाही. आईला नैराश्याचा जुना आजार. दोघं एका छपराखाली राहतात आणि एकमेकांशी धड बोलत नाहीत. मुलाला रात्री काहीतरी ऐकू येतं. नातेवाईक म्हणतात, घराण्यातच आहे यांच्या. समुपदेशक म्हणतो, ताण आहे. आणि चित्रपट कितीतरी वेळ आपल्याला हे कळू देत नाही की हा आजार आहे की आणखी काही.

रुग्णालयात हा प्रश्न मी नातेवाइकांच्या तोंडून ऐकते. रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की बाहेरच्या बाकावर बसलेली एखादी आत्या हळूच विचारते, “ताई, बाहेरचं तर काही नसेल ना?” त्या आत्याला हसणं सोपं आहे. पण तिच्या प्रश्नात किती रात्रींची जागरणं असतात, ती माझ्या डोळ्यांसमोर असतात. पोरगा जेवत नाही, झोपत नाही, एकटाच बोलतो, आणि कागदावर सगळं ठीक. ‘भूतकालम’ त्या आत्याला खोटं पाडत नाही आणि डॉक्टरलाही खोटं पाडत नाही. तो आई आणि मुलाला एकमेकांकडे वळवतो. शेवटची वीस-पंचवीस मिनिटं विलक्षण भीतीची आहेत, आणि मला रडू आलं ते मात्र भीतीनं नव्हे. इतके दिवस मुलाला जे दिसत होतं ते अखेर आईलाही दिसतं, आणि ती त्याच्यावर विश्वास ठेवते, म्हणून.

आईचं काम रेवती यांनी केलंय. राम गोपाल वर्मांच्या १९९२च्या ‘रात’मध्ये झपाटलेली मुलगी त्याच होत्या. तिशीच्या आसपासच्या वाचकांनी ‘रात’ पाहिला नसेल तर पाहावा, आणि लगेच दुसऱ्या रात्री ‘भूतकालम’. तीस वर्षांनी तीच अभिनेत्री पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी आहे. तेव्हा तिला धरून ठेवणारे लोक होते, आता तिला मुलाला धरून ठेवायचंय. दोन्ही चित्रपटांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी पाहणाऱ्याच्या मनात तो जुळतो.

“पैसा कुठाय?” असं कुणी म्हणेल. ‘तुंबाड’ला पैसा लागला, वर्षानुवर्षं लागली, मान्य. पण भीतीचा चित्रपट हा सगळ्यात कमी पैशांत होणारा प्रकार आहे, जर लिहिलेला नीट असेल तर. १९९९च्या ‘कौन’मध्ये एक बंगला, पाऊस, तीन माणसं आणि एकही गाणं नाही. अमेरिकेतला ‘कोहिरन्स’ (२०१३) तर दिग्दर्शकानं स्वतःच्या घरात, पाच रात्रींत चित्रित केला. जेवायला जमलेले आठ मित्र, आकाशात धूमकेतू, लाइट जातात आणि पलीकडच्या रस्त्यावर उजेड असलेलं एकच घर दिसतं. एवढंच भांडवल. आणि सदाशिवन यांनी २०२४ साली ‘भ्रमयुगम’ केला, तो पूर्ण कृष्णधवल, जुन्या घरात अडकलेली मोजकी माणसं, आणि मुख्य भूमिकेत मामुट्टी. सत्तरी ओलांडलेल्या एवढ्या मोठ्या नटाला आपण रंगाशिवाय, नायिकेशिवाय, राक्षसी म्हाताऱ्याच्या रूपात दिसावं असं वाटलं. आपल्याकडे वाडे आहेत, नट त्यांच्यापेक्षा कमी नाहीत. कमी पडते ती गंभीरपणे घाबरवायची हिंमत.

‘झपाटलेला’ मला आवडतो, हे सांगायला हवं. तात्या विंचूला लहानपणी मी खरीच घाबरले होते आणि महेश कोठारेंनी एकाच प्रसंगात हसवायचं आणि घाबरवायचं कसं हे नेमकं साधलं होतं. पण ‘झपाटलेला’ १९९३चा. त्यानंतर मराठी भूत म्हटलं की विनोद असं समीकरण होऊन बसलं. भूत आलं की त्याच्यामागे एक घाबरट नोकर येणार, मध्ये लावणीच्या बाजाचं गाणं येणार. ज्या भाषेत धारपांनी इतकी वर्षं लोकांची झोप उडवली आणि मतकरींनी ‘गहिरे पाणी’सारखी मालिका घराघरांत नेली, त्या भाषेतल्या प्रेक्षकाला गंभीर भीती पेलणार नाही हे कुणी ठरवलं?

शेवट गुळमुळीत करण्याची सवय हाही त्याचाच भाग. जॉर्ज स्लाउझर या डच दिग्दर्शकाचा ‘द व्हॅनिशिंग’ (१९८८) मी एकदाच पाहिला, पुन्हा बघायचं धाडस झालं नाही. फ्रान्समधल्या पेट्रोल पंपावर थांबलेल्या जोडप्यातली मुलगी पाणी-बिणी आणायला आत जाते आणि परत येत नाही. तो तरुण वर्षानुवर्षं एकच गोष्ट मागत राहतो, तिचं काय झालं ते कळू दे. गुन्हेगार कोण हे आपल्याला लवकरच दाखवतात. रसायनशास्त्र शिकवणारा, बायका-पोरांत रमणारा माणूस. आणि तरुणाला उत्तर मिळतं. त्याच दिग्दर्शकानं अमेरिकेत १९९३ साली हाच चित्रपट पुन्हा केला आणि शेवट बदलून सुखाचा केला. दुसरा चित्रपट कुणी लक्षात ठेवला नाही.

भूत नसलेल्या भीतीचेही दोन चित्रपट सांगते. कोंकणा सेन शर्मा यांचा ‘अ डेथ इन द गंज’ ही १९७९ सालची, मॅक्लुस्कीगंजमध्ये सुट्टीला जमलेल्या एका सुखवस्तू कुटुंबाची गोष्ट. त्यातला शुटू हा हळवा, वडील नुकतेच गेलेले, सगळ्यांच्या उपयोगाचा आणि कुणाच्याच खिजगणतीत नसलेला मुलगा. त्याची थट्टा होते, प्लँचेटच्या नावाखाली त्याला घाबरवतात, कबड्डीत दामटतात. कुणीही दुष्ट नाही. सगळे त्याच्यावर प्रेम करतात असंच स्वतःला समजतात. विक्रांत मॅसीनं केलेला तो मुलगा मी आमच्याच नात्यातल्या एका घरी पाहिलाय, म्हणून तो चित्रपट पाहून झाल्यावर मी त्या घरी फोन लावला. माणसं त्यात इंग्रजी, बंगाली, हिंदी जशी घरात येईल तशी बोलतात. कुणी त्यांना एका भाषेत कोंबलेलं नाही.

दुसरा आपला, निखिल महाजन यांचा ‘पुणे ५२’. ५२ म्हणजे कर्वेनगरचा पिनकोड. काळ १९९२चा, नवी अर्थव्यवस्था दारात उभी, आणि गिरीश कुलकर्णींचा अमर आपटे हा खासगी गुप्तहेर, म्हणजे इतरांच्या नवरा-बायकोंचे चोरून फोटो काढून पोट भरणारा माणूस. घरात खर्चावरून खटके. उत्तरार्धात चित्रपट इतका गुंततो की मला दोनदा मागे जाऊन बघावं लागलं, आणि तिथे तो हातातून सुटतो असं माझं मत आहे. पण अंधाऱ्या, घामट, पैशापायी पोखरत चाललेल्या मध्यमवर्गी पुण्याची अशी भीती दुसऱ्या कुठल्या मराठी चित्रपटात मी पाहिलेली नाही. २०१३ साली तो आला आणि गेला. असा दुसरा प्रयत्न कुणी करावा म्हणून तरी त्याची आठवण ठेवायला हवी होती.

आता एक मागणी, माझ्यापेक्षा आईंची जास्त. ‘भूतकालम’ आम्ही घरी पाहिला तेव्हा खाली अक्षरं इंग्रजीतच होती. आईंना इंग्रजी वाचता येत नाही. माझी मुलगी प्रत्येक ओळ वाचून, मराठीत करून सांगत होती. पोरीनं फार छान सांगितलं, पण आई आणि मुलगा अंधारात गप्प उभे असताना बाजूला कुणी बोलायला लागलं की भीती तिथेच संपते. ‘अंडर द शॅडो’ तर आईंनी अजून पाहिलेलाच नाही. ज्या बाईनं आयुष्यभर धारप वाचले, तिच्याइतका तयार प्रेक्षक या चित्रपटांना दुसरा कुठला मिळणार? दीड-दोन तासांच्या चित्रपटाचे संवाद मराठीत लिहायला एका चांगल्या अनुवादकाला थोडेच दिवस पुरतात, आणि भाषा शिकून बाहेर पडलेली मुलं काम शोधतायत. जे वितरक महाराष्ट्रातून वर्गणी घेतात, त्यांनी मल्याळम, फारसी, डच चित्रपटांखाली मराठी अक्षरं द्यावीत. ‘पाठलाग’ आणि ‘हा खेळ सावल्यांचा’च्या स्वच्छ प्रती, आवाज नीट करून, पुन्हा थेटरात लावाव्यात. मिरजेत लावल्या तर पहिल्या खेळाची दोन तिकिटं आमची.